‘पॉवर मायनस तीस येतेय’: हार्डवेअर आणि नेटवर्कवाल्यांची बोली

मिरग लागला की गोव्यातल्या कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीवाल्यांचे फोन थांबत नाहीत. कुठे विजेने राउटर गेलेला असतो, कुठे माडाची झावळ पडून फायबर तुटलेली असते, कुठे उन्हाळाभर झाकून ठेवलेला पीसी दमट हवेत सुरूच व्हायला तयार नसतो. घरातून फोन जातो, “नेट गेलंय.” पलीकडून विचारणा होते, “काकी, एलओएस लाल आहे का? पॉन ब्लिंक होतोय का?” काकी म्हणतात, “दिवे तर सगळे पेटलेत रे बाबा.” मग माणूस दुसऱ्या दिवशी येतो, लाल दिवा बघतो आणि सांगतो की हे माझं काम नाही, स्प्लाइसवाला पाठवावा लागेल. दोन दिवस गेले.

हे शब्द ऐकताना आपल्याला वाटतं की ही मंडळी मुद्दाम अवघड बोलतात. तसं नाही. त्यांच्या बोलीतला जवळजवळ प्रत्येक शब्द बिघाडाची जागा सांगतो: घरात की घराबाहेर, वायरीत की यंत्रात, यंत्रात की सॉफ्टवेअरमध्ये. त्यातले दहा-पंधरा शब्द घरातल्या एकाला जरी कळले तरी फोनवरच अर्धं निदान होतं आणि नको ती वस्तू विकत घ्यावी लागत नाही. म्हणून हा लेख.

कोण कोण असतं

‘हार्डवेअरवाला’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्या धंद्यात दोन जाती आहेत: कार्ड लेव्हल आणि चिप लेव्हल. कार्ड लेव्हलवाला आख्खा भाग बदलतो. रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) खराब तर नवी रॅम, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) खराब तर नवा मदरबोर्ड. चिप लेव्हलवाला त्या मदरबोर्डवरचा नेमका कोणता तुकडा मेलाय ते शोधतो. मल्टिमीटर घेऊन एकेका ठिकाणचा व्होल्टेज मोजतो, शॉर्ट झालेला कॅपॅसिटर किंवा मॉसफेट असा बारीक भाग काढतो आणि तेवढाच नवा बसवतो. दुकानाच्या पाटीवर ‘चिप लेव्हल सर्व्हिस’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा.

लॅपटॉपवर चहा सांडला आणि एका ठिकाणी “मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल” असं उत्तर मिळालं, तर ते कार्ड लेव्हलचं उत्तर असू शकतं. खोटं नव्हे; त्या माणसाच्या कामाची हद्द तिथे संपते. खर्च मोठा असेल तर चिप लेव्हलवाल्याला एकदा दाखवावं. आणि तिथे गेल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: “रिबॉल करणार की रिफ्लो?” मोठ्या चिपच्या पोटाखाली कथिलाच्या बारीक गोळ्यांची जाळी असते, तिच्यावर ती बोर्डाला चिकटलेली असते. रिफ्लो म्हणजे चिप गरम हवेने तापवून त्याच गोळ्या पुन्हा वितळवणं. रिबॉल म्हणजे चिप उचलून जुन्या गोळ्या साफ करून नव्या बसवणं. रिफ्लोने जिवंत झालेला लॅपटॉप पुष्कळदा थोड्या काळाने परत तसाच होतो, कारण दोष अनेकदा चिपच्या आतच असतो आणि उष्णतेने तो फक्त तात्पुरता दबतो. कामाची हमी किती दिवसांची, हे तिथेच ठरवून घ्यावं.

नेटवर्कच्या बाजूला ‘फील्डवाला’ म्हणजे घरी येणारा, ‘स्प्लाइसवाला’ म्हणजे फायबर जोडणारा, आणि ‘नॉक’ म्हणजे कंपनीचं ते ऑफिस जिथे बसून सगळ्या लाइनींवर नजर ठेवली जाते. एल-वन, एल-टू, एल-थ्री हे तक्रार पुढे सरकण्याचे टप्पे. एल-वन ठरावीक प्रश्न विचारतो, एल-टू यंत्राची सेटिंग बघतो, एल-थ्री नेटवर्कच्या मुळाशी हात घालतो. तक्रारीचा नंबर म्हणजे टिकट. “टिकट एल-टूला ढकललंय” याचा अर्थ पहिल्या माणसाने हात टेकले.

डेड, नो डिस्प्ले, नो बूट

“कॉम्प्युटर चालू होत नाही” या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपतात, आणि तिघांचा खर्च फार वेगळा.

डेड म्हणजे बटण दाबलं तरी काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. संशय पहिल्यांदा वीजपुरवठ्यावर: प्लग, केबल, मग एसएमपीएस. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पत्र्याचा डबा, जो घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात त्यात मुंग्या आणि पाली उबेला जाऊन बसतात आणि शॉर्ट करतात. दुकानात एसएमपीएसच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का ते बघतात. पंखा फिरला म्हणजे तो पूर्ण ठीक आहे असं नव्हे, पण फिरला नाही तर तो गेलाय हे बहुधा नक्की. तो डबा मात्र घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज काही वेळ साठून राहू शकते.

नो डिस्प्ले म्हणजे पंखा फिरतोय, दिवा पेटलाय, पण स्क्रीन काळी. सुरू होताना कॉम्प्युटर स्वतःचीच तपासणी करतो, तिला पोस्ट म्हणतात. ही तपासणी अडकली की पडद्यावर काही येत नाही. काही बोर्ड मग बीप वाजवून सांगतात. “पोस्ट मारत नाही” म्हणतात ते हेच. गोव्याच्या किनारपट्टीत याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे रॅम. मोरजी, मांद्रे, कोलवा इथल्या खाऱ्या, ओल्या हवेत धातूच्या संपर्कांवर मळाचा आणि गंजाचा पापुद्रा धरतो. म्हणून माणूस आला की आधी रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवतो आणि परत बसवतो. ‘रबर मारणे’ ते हेच. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्यासाठी पैसे? पण खोडरबर कुठे फिरवायचा हे कळायला शंभर मशीन उघडावी लागतात, आणि त्या कळण्याचे पैसे द्यायला हवेत असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नो बूट म्हणजे पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, मग ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा मजकूर येतो किंवा विंडोज गोल गोल फिरत राहतं. इथे यंत्र जिवंत आहे. डिस्क किंवा त्यावरचं सॉफ्टवेअर बिघडलंय. याच टप्प्यावर “फॉरमॅट मारूया” हे वाक्य येतं आणि इथेच आपण थांबवायला हवं. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून नव्याने मांडणं. मुलीचे लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, दुकानाचे हिशेब त्यात असतील तर आधी म्हणावं, “डेटा काढून द्या, मग फॉरमॅट.” डिस्क वाचता येत असेल तर ती दुसऱ्या मशीनला जोडून फायली उतरवता येतात. फॉरमॅटनंतर हेच काम अवघड आणि महाग होतं, आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क) असेल तर बहुतेक वेळा अशक्यच.

एक लहान आजार याच रांगेत येतो. कॉम्प्युटर चालतो, नेटही आहे, पण प्रत्येक वेबसाइट म्हणते की कनेक्शन सुरक्षित नाही. कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागची असेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख जुन्या काळात जाते. वेबसाइटचं ओळखपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं, त्यामुळे ब्राउझरला ते अजून सुरूच न झालेलं दिसतं. “सेल मेलाय” असं ऐकलंत तर ही किरकोळ किमतीची दुरुस्ती आहे. त्यासाठी कुणी विंडोज नव्याने टाकू म्हणालं तर नको म्हणा.

लाल दिवा आणि मायनसचे आकडे

आता नेटकडे. घरात येणारी फायबर म्हणजे काचेचा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. एका मुख्य फायबरमधून आलेला प्रकाश स्प्लिटर नावाच्या डबीत वाटला जातो आणि ८, १६, ३२ किंवा अधिक घरांत जातो. घरातल्या डब्याला ओएनटी म्हणतात. त्यावरचा एलओएस दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाही किंवा वाचता येईल इतका येत नाही. बिघाड तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये नाही, धाग्यात आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही.

एलओएस विझलेला आणि पॉन हा हिरवा दिवा सतत लुकलुकतोय, तर प्रकाश पोचतोय पण कंपनीकडे तुमच्या डब्याची नोंद होत नाहीये. आणि पॉन स्थिर हिरवा असून इंटरनेटचा दिवा लाल असेल तर धागाही ठीक, नोंदही ठीक. युजरनेम-पासवर्डमध्ये किंवा कंपनीच्या बाजूला घोळ आहे. दिव्यांची नावं आणि रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, पण फोनवर हे सांगितलंत तर योग्य माणूस पहिल्याच फेरीत येतो.

मग तो एक छोटं मीटर लावतो आणि म्हणतो, “पॉवर मायनस तीस येतेय.” यातला मायनस बघून घाबरायला होतं, म्हणून तो नीट समजून घेऊ. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. मायनस १० म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस २० म्हणजे शंभरावा, मायनस ३० म्हणजे हजारावा. दर ३ अंकांना प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मायनस १९ हे मायनस २५ पेक्षा चौपट चांगलं. घरगुती ओएनटी साधारण मायनस २७-२८पर्यंत वाचू शकतात. मायनस २६ला नेट चालतं, पण पाऊस-वाऱ्यात धागा जरा हलला की तुटतं, म्हणून अशा घरांत “कधी चालतं, कधी जातं” अशा तक्रारी येतात. माझं ठाम म्हणणं आहे की नवं कनेक्शन घेताना प्रत्येकाने पॉवर किती आली हे विचारून भिंतीवरच्या डब्याशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवावं. पुढे कधी तक्रार झाली की त्या आकड्याशी तुलना करता येते.

मधेच प्रकाश कुठे गळतो? एक, बेंड. दाराच्या फटीत, खिडकीच्या कोपऱ्यात धागा जास्त वाकला की प्रकाश बाजूने बाहेर पडतो. दोन, कनेक्टरच्या टोकावर धूळ. तीन, स्प्लाइस नीट न बसणं. स्प्लाइस म्हणजे दोन धाग्यांची टोकं यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने एकजीव करणं. ९ मायक्रॉनचे गाभे एका रेषेत यायला हवेत, त्यामुळे ओलावा आणि धूळ चालत नाही. भर पावसात स्प्लाइसवाला गाडीत बसून राहिलेला दिसला तर तो टाळाटाळ करत नसतो.

आणि चार, कट. रस्ता खणताना जेसीबीचा दात लागला की आख्ख्या वस्तीचं नेट जातं. पणजीत स्मार्ट सिटीसाठी रस्ते खणले गेले त्या काळात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कट कुठे आहे हे शोधायला ओटीडीआर लावतात. ते यंत्र धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत आलेल्या अंधूक प्रकाशाला किती वेळ लागला त्यावरून तुटलेल्या जागेचं अंतर काढतं. जवळचा बेंड शोधायला मात्र साधा लाल लेझर पुरतो. धागा जिथे दुखावलाय तिथे तो लालसर चमकतो. नेटचा खरा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून निघालेल्या फायबरच्या टोकात डोकावून बघू नये, मुलांनाही बघू देऊ नये.

“पोर्ट शंभरावर बसलाय”

माझ्या मते या आख्ख्या बोलीतलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य. पोर्ट म्हणजे यंत्रात केबल खोचायची जागा. तुम्ही ३०० एमबीपीएसचा प्लान घेतलाय, पण केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट ९४-९५च्या वर जातच नाही. कंपनीशी भांडण होतं. कंपनी म्हणते आमच्याकडून पूर्ण येतंय, आणि ते खरं असतं.

लॅन केबलच्या आत आठ वायरी असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसचं जुनं तंत्र त्यातल्या दोनच जोड्या वापरतं. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. त्या जादाच्या दोन जोड्यांतली एक वायर जरी तुटली, गंजली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं आपापसात ठरवून १०० वर उतरतात, आणि नेट ‘चालू’ राहतं. कुठेही लाल दिवा पेटत नाही. उपाय म्हणजे केबल बदलणं किंवा टोक नव्याने क्रिम्प मारणं. क्रिम्प मारणं म्हणजे आठ वायरी ठरलेल्या रंगक्रमाने प्लगमध्ये घालून दाबणं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ५६८बी हा क्रम चालतो: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. राउटरचा लॅन पोर्टच १०० चा असेल तर मात्र केबल बदलून काही होत नाही. स्वस्तातल्या डब्यांत ते अजूनही दिसतं.

केबल घेताना ‘प्युअर कॉपर’ मागावी. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो, तिला सीसीए म्हणतात. ती लवकर मोडते आणि लांब अंतराला कमी पडते. या धंद्यातल्या कंपन्या सगळ्याच लांबच्या आहेत असंही नाही. डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, आणि डिजिसॉल हा ब्रँड चालवणारी स्मार्टलिंकही वेर्ण्याचीच.

“पोर्ट उडालाय” हे वेगळं. जवळ वीज पडली की तांब्याच्या लांब केबलमध्ये दाब उसळतो आणि यंत्राचा तेवढाच पोर्ट जळतो. बाकीचे पोर्ट चालू असतील तर लगेच नवा राउटर घ्यायची गरज नाही. मुख्य घरातून आउटहाउस किंवा गेस्टहाउसकडे उघड्यावरून केबल न्यायची असेल तर तिथे तांबं न वापरता फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही. गडगडाट सुरू झाला की विजेचा प्लग आणि लॅन केबल, दोन्ही काढावीत. एकच काढून भागत नाही.

१६९, लूप आणि पिंग

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, तो आयपी. घरात तो राउटर वाटतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. “एकशे एकोणसत्तर येतोय” असं ऐकलंत तर समजा, यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने १६९.२५४ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला. म्हणजे केबल, वायफाय किंवा राउटर यांतलं काहीतरी मधे तुटलंय. बाहेरच्या लाइनशी याचा संबंध नाही.

लूप हा शाळा-ऑफिसांचा शत्रू. तिथे अनेक कॉम्प्युटर केबलने एकत्र जोडणारा डबा असतो, तो स्विच. लॅबमध्ये साफसफाई करताना कुणीतरी लोंबणारं केबलचं टोक दिसलं म्हणून त्याच स्विचमध्ये खोचतं, जिथे तिचं दुसरं टोक आधीच आहे. सगळ्यांसाठी पाठवलेला निरोप त्या केबलमधून परत येतो, स्विच तो पुन्हा सगळ्यांना पाठवतो, तो पुन्हा परत येतो. हे निरोप आपोआप मरत नाहीत. काही सेकंदांत आख्खं नेटवर्क गुदमरतं आणि स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात. रेडिया पर्लमन या अभियंतीने १९८५ साली यावर स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली, जी लूप ओळखून एक वाट बंद करते. पण स्वस्त ‘डंब स्विच’मध्ये, म्हणजे ज्यात काही सेटिंग करता येत नाही अशा स्विचमध्ये, ती बहुधा नसते. तिथे एकेक केबल काढत दिवे शांत कधी होतात ते बघावं लागतं.

“पिंग मारून बघ” हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला आणि पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं: हाक द्यायची आणि प्रतिसादाला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचं. हाक तीन पायऱ्यांनी द्यावी. आधी राउटरला, उत्तर नाही तर दोष घरात. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला. उत्तर नाही तर दोष राउटरच्या पुढे. मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर मिळतं आणि नावाला मिळत नाही, तर “डीएनएस गेलाय”, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा बंद आहे. पिंगचा आकडा शून्य कधीच येणार नाही. काचेत प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतची ६०० किलोमीटरची फायबर धरली तरी जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद लागणारच.

या बोलीतला एक शब्द मात्र मला आवडत नाही: ‘लेयर ८’. नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकात सात थर शिकवतात, तारेपासून ॲपपर्यंत. आठवा थर म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस. “लेयर ८चा प्रॉब्लेम आहे” याचा अर्थ वापरणाऱ्यालाच काही कळत नाही. ज्या काकींना कुणी कधी दिव्यांची नावं सांगितली नाहीत त्यांना असं म्हणणं अन्यायाचं आहे. डबा बसवताना दोन मिनिटं जास्त थांबून दिवे समजावणारे मुलगे मी डिचोली-साखळीकडे पाहिलेत. त्यांच्या घरांकडून येणारे फोन नेमके असतात.

राहिलं वायफाय. ‘नेट’ आणि ‘वायफाय’ हे दुरुस्तीवाल्याच्या लेखी दोन वेगळे विषय आहेत, आणि गोव्यात हा फरक फार महत्त्वाचा, कारण आपली जुनी घरं चिऱ्याची. दीड-दोन फूट जाडीची भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल तिच्यापुढे फार लवकर थकतो, २.४चा जरा पुढे जातो पण हळू असतो. बाल्कावात (पुढच्या ओसरीत) डबा आणि मुलाची खोली मागच्या न्हाणीशेजारी, अशा घरात प्लान वाढवून उपयोग होत नाही. केबल टाकून मागच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, बसवावा. मधे नुसता वायरलेस रिपीटर लावला तर तो तोच दुबळा झालेला सिग्नल पुढे ढकलतो, आणि साध्या रिपीटरमध्ये वेग साधारण निम्मा होतो. तंत्रज्ञाला फोन करताना म्हणावं, “राउटरपाशी स्पीड पूर्ण आहे, दोन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे नाही.” तो कॅट ६ केबलचं बंडल आणि लांब ड्रिल बिट घेऊनच निघेल.